वाडीला जायचं तर एसटीनंच जा

मंडळी, नरसोबाच्या वाडीला लोक गाडीनं जातात, दर्शन घेतात, बासुंदीचा डबा उचलतात आणि तासाभरात परत. मला हे पटत नाही. मी सांगली स्टँडवरून एसटीनंच जातो, खिडकीची सीट मिळाली तर उत्तमच, कारण वाडीचं खाणं वाटेतच समजायला लागतं.

अंकलीचा पूल लागला की खाली कृष्णा दिसते, पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा सुरू, मग जयसिंगपूर. शाहू महाराजांनी वसवलेलं आणि वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव दिलेलं हे गाव. इथं भडंगाचं एक पाकीट घ्यायचं, लसणाचा आणि तिखटाचा वास बसभर पसरतो पण कुणी काही म्हणत नाही, उलट शेजारी हात पुढं करतात. पुढं शिरोळपर्यंत दोन्ही बाजूला नुसता ऊस. आता हा ऊस नीट बघा, कारण तोडणी झाली की त्याचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, म्हशींच्या पुढ्यात पडतं, नदीमुळं बारमाही हिरवा चारा, म्हणून दूध, आणि दूध आहे म्हणून खवा, पेढे, बासुंदी. वाडीतली आणि शेजारच्या कुरुंदवाडची मिठाई अशी शेतातून आलेली आहे.

वाडीत उतरल्यावर आधी घाटावर जायचं. कृष्णा आणि पंचगंगा इथं भेटतात. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती इथं 12 वर्षं राहिले, मग गाणगापूरला गेले. पावसाळ्यात पाणी चढतं, मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या धारेत स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पण हेच पाणी 2019 ला आणि 2021 ला दुकानांत, घरांत शिरलं. ज्या माणसांच्या हातचे पेढे आपण खातो त्यांनी घरातला गाळ उपसून पुन्हा चुली पेटवल्यात, हे विसरून नुसतं चव कशी आहे बोलणं मला तरी जमत नाही.

आणि त्याच गाळावरची वांगी! कृष्णाकाठचं वांगं म्हणजे लोण्यासारखं मऊ, बी कमी, शेंगदाण्याचं कूट आणि कांदा-लसूण मसाला भरून केलेलं, सोबत ज्वारीची भाकरी. इकडची माणसं सांगतात की दुसऱ्या मातीत तेच बी लावलं तरी ही चव येत नाही, आणि मी खाल्ल्यावर विश्वास ठेवला.

पण मला सगळ्यात जास्त जीव आहे तो कवठाच्या बर्फीवर. कवठ म्हणजे लाकडासारख्या कवचाचं आंबट फळ, दगडावर आपटून फोडायचं. गरात साखर घालून आटवत आटवत घट्ट करायचं, घोटणाऱ्याचा हात थांबता कामा नये. तोंडात टाकली की आधी गोड, मग मागून आंबट, आणि जरासा रानाचा वास. दुकानदाराला विचारा, काका, आजची ताजी कुठली? ते एक तुकडा हातावर ठेवतातच.

बासुंदी मात्र तिथंच बसून खा, एसटीत सांडते आणि उन्हात टिकत नाही. पेढे आणि बर्फी पिशवीत घाला, आणि गुरुवारी किंवा पौर्णिमेला गेलात तर परतीच्या गाडीला गर्दी फार असते, थोडं लवकर स्टँडवर या.