बीएमआय नॉर्मल, पोट मात्र पुढे

(दृश्य: रेल्वे प्लॅटफॉर्म, वजनाचं जुनं मशीन, लुकलुकणारे लाल-पिवळे बल्ब)

हे मशीन आठवतंय? आता फार कमी ठिकाणी राहिलंय. वर उभं राहायचं, आतलं गोल चाक फिरायचं थांबेपर्यंत वाट बघायची, मग नाणं टाकायचं, आत काहीतरी खडखडतं आणि खालच्या खाचेत पुठ्ठ्याचं तिकीट येऊन पडतं. तिकिटावर वजन, आणि सोबत फुकटात भविष्य. लोक वजनावरून नुसती नजर फिरवतात आणि भविष्य दोनदा वाचतात, आमच्यासमोर तरी सगळ्यांनी हेच केलं. या काकांना तिकीट आलं 68 किलोचं. काका खूश, का तर सत्तरच्या आत आहे.

पण सत्तरच्या आत म्हणजे नक्की काय? सहा फुटी माणसाचं 68 वेगळं आणि पाच फुटीचं 68 वेगळं, हे तर कोणीही सांगेल. काकांची उंची 165 सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. 68 ला 1.65 नं भागा, जे उत्तर येईल त्याला परत 1.65 नं भागा. स्क्रीनवर दिसतंय बघा, 24.97 आणि पुढे काहीतरी. हा काकांचा बीएमआय. वजन किलोत, उंची मीटरमध्ये, उंचीनं दोनदा भागायचं, झालं. एवढ्यासाठी अ‍ॅप डाउनलोड करायची काही गरज नाही.

(दृश्य: भिंतीवरचा रंगीत तक्ता, निळा-हिरवा-पिवळा-लाल)

जगभर चालणारा तक्ता सांगतो की 18.5 च्या खाली वजन कमी, 18.5 ते 25 नॉर्मल, 25 पासून ओव्हरवेट, 30 पासून लठ्ठपणा. म्हणजे काका काठावर पास. पण भारतातल्या डॉक्टरांनी 2009 साली आपल्या लोकांसाठी वेगळ्या रेषा ठरवल्या, त्यात 23 लाच ओव्हरवेट सुरू होतं आणि 25 ला लठ्ठपणा. या तक्त्यात तेच काका, तेच वजन, लठ्ठपणाच्या रेषेला टेकलेत. काकांच्या उंचीला आपल्या हिशेबानं योग्य वजन येतं साधारण साडेपन्नास ते बासष्ट किलो. हे ऐकल्यावर काकांचा चेहरा बघा.

मग दोन तक्ते कसे? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

(दृश्य: जुनं रेखाचित्र, हळूहळू जवळ)

हा अडोल्फ केटले, बेल्जियमचा. मूळचा आकडेमोडीचा आणि ग्रहताऱ्यांचा माणूस, ब्रसेल्सची वेधशाळा यानं उभी केली. आकाशातल्या मोजमापात जी सरासरी काढतात ती माणसांचीही काढता येईल असं याच्या डोक्यात आलं आणि मग याने जे मिळेल ते मोजायला घेतलं, जन्म, मृत्यू, लग्नं, गुन्हे, सैनिकांच्या छात्या, उंची, वजनं. त्याला हवा होता 'सरासरी माणूस'. त्यात त्याला 1830 च्या दशकात एक गोष्ट दिसली. माणूस जर उंची, रुंदी, जाडी तिन्हीकडे सारखाच वाढत असता तर वजन उंचीच्या घनाच्या हिशेबात वाढलं असतं, पण मोठ्या माणसांत तसं होत नाही, उंच लोक त्या प्रमाणात रुंद नसतात, म्हणून वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या हिशेबात जातं. आज आपण जो दोनदा भागाकार करतो तो इथून आला. चरबी, शुगर, हार्ट, यातलं काही त्याला शोधायचंच नव्हतं.

पुढची शंभरेक वर्षं हे सूत्र तसंच पडून. मधल्या काळात अमेरिकेत वजनाची काळजी कोणाला पडली, तर इन्शुरन्सवाल्यांना. जाड माणूस लवकर गेला तर पैसे यांचे जाणार ना. त्यांनी उंची-वजनाचे तक्ते काढले, त्यात शरीराचा सांगाडा लहान, मध्यम, मोठा असे तीन रकाने, आता कुणाचा सांगाडा मध्यम आणि कुणाचा मोठा हे ठरवायचं कसं तर बहुतेक वेळा नजरेनंच. डॉक्टरही बरीच वर्षं हेच तक्ते वापरत होते.

मग 1972. अन्सेल कीज नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी. यांनी पाच देशांतले सुमारे 7,400 पुरुष घेतले, अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि साउथ आफ्रिका, आणि वजन-उंचीची कुठली सूत्रं अंगातल्या चरबीशी जास्त जुळतात ते तपासलं. केटलेचं जुनं सूत्र बाकीच्यांच्या तोडीचं निघालं आणि वापरायला सोपं, म्हणून तेच घेतलं, बॉडी मास इंडेक्स हे नाव यांनी दिलेलं. सूत्र पूर्ण समाधानकारक आहे असं त्यांचंही म्हणणं नव्हतं, इतरांपेक्षा वाईट नाही एवढंच. आणि परत एकदा बघा, पाच देशांतले पुरुष. बाई एकही नाही, भारतीय एकही नाही.

25 ची रेषा तर त्याहून नवी आहे. अमेरिकेत 1998 पर्यंत पुरुषांना 27.8 आणि बायकांना 27.3 अशी रेषा होती, ती खाली आणून 25 केली आणि कोट्यवधी लोक एक ग्रॅम न वाढवता ओव्हरवेट झाले.

(दृश्य: दोन माणसांचा फोटो, शेजारी शेजारी)

आता हा फोटो. या फिल्ममधलं एकच चित्र लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. 2004 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला. एक आहेत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सेम. कपड्यांत तर कुणीही म्हणेल दोघं सारखेच. पण मशीनमध्ये चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दुपटीपेक्षा जास्त! सोबतच्या मजकुरात दोघांनी स्वतःचीच चेष्टा केलीये, की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत रोज सकाळी पळत जाऊन ती गाठणं. लिफ्टमागे पळणारे हे दुसरे म्हणजे स्वतः याज्ञिक.

याज्ञिकांना हा प्रश्न पडला तो पेशंट बघून. परदेशी पुस्तकात डायबेटिसचा पेशंट वयस्कर आणि जाडजूड असतो, आणि पुण्यात समोर येणारे पेशंट त्याहून तरुण, हातपाय बारीक आणि मधे पोट. असं का, हे शोधत ते मोठ्यांवरून लहानांकडे आणि लहानांवरून पोटातल्या बाळांपर्यंत गेले.

(दृश्य: कॅलिपरचं क्लोज-अप, चिमट्यासारखं अवजार, काट्याची गोल तबकडी)

हे अवजार बघा. याला कॅलिपर म्हणतात, कातडीची घडी हलकेच चिमटीत धरायची, त्यावर हे लावायचं आणि काटा मिलिमीटरमध्ये कातडीखालची चरबी दाखवतो. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या टीमनं आधी बायका मोजल्या, मग त्यातल्या ज्या गरोदर राहिल्या त्यांचं खाणंपिणं, काम, वजन, आणि मग बाळं जन्मली तशी बाळं. डोकं, दंड, पोट, लांबी, आणि खांद्याच्या पात्याखालची ही घडी. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं 2.7 किलोचं. दंड बारीक, पोटाचा घेर कमी, सगळंच लहान. पण पाठीवरची चरबी? ती जवळपास तिकडच्या बाळाइतकी. पावणेतीन किलोसुद्धा नसलेलं पोर, घरातले म्हणणार अगदीच किडमिडीत आहे हो, आणि आत चरबीचा साठा शाबूत. स्नायूंना आणि आतल्या अवयवांना पुरलं नाही, चरबी तेवढी राखून ठेवली. याला नाव पडलं थिन-फॅट, दिसायला बारीक आतून जाड. त्या बाळांचा माग पुढे कित्येक वर्षं ठेवला, ती आता चांगली मोठी माणसं झालीत.

म्हणून आपला तक्ता वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2004 मध्येच आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 या जादा खुणा सुचवल्या होत्या.

(दृश्य: कोल्हापूर, तालीम, पहाटेचा उजेड, लाल माती)

बरोबर उलटा प्रकार बघायचा तर इकडे या. कोल्हापूरची एक तालीम, पहाटेचे जोर चाललेत, माती अंगाला चिकटून घामाची रेघ खाली उतरतीये. या पैलवानाची उंची 170, वजन 95. दोनदा भागा, जवळजवळ 33 येतं. दोन्ही तक्त्यांत लठ्ठ! आता याला कोण लठ्ठ म्हणेल, म्हणून तर बघा. काट्याला मांस कळत नाही, हाड कळत नाही, चरबी कळत नाही, त्याला फक्त ओझं कळतं. (कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला तर पुढे काय होतं हे तालमीतल्या वस्तादांनीच हसत हसत सांगितलं.)

म्हातारपणी याच्या उलट, मांस झडतं आणि वजन तेवढंच राहतं म्हणून बीएमआय छान दिसतो. गरोदर बाईला हा तक्ता लागू नाही आणि लहान मुलांचे तक्ते वेगळेच असतात.

तरी बीएमआय फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. काटा आणि भिंतीवरची पट्टी एवढ्यावर अख्ख्या देशाचा अंदाज येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या 24 बायका 25 च्या वर आणि जवळपास 19 बायका 18.5 च्या खाली निघाल्या, दोन्ही टोकं एकाच देशात, हे बीएमआयमुळेच कळलं. फक्त एका माणसाबद्दल बोलायचं असेल तर त्याला जोडीदार लागतो.

(दृश्य: टेलरचं दुकान, गळ्यातला टेप)

आणि तो जोडीदार इथे लटकतोय. मास्तरांच्या गळ्यात.

काका म्हणाले माझी कमर चौतीस. बरोबरच आहे, पँट चौतीसचीच आहे. पण मास्तरांनी माप घ्यायच्या आधी काय विचारलं ऐकलंत? "पँट पोटावर घालता का पोटाखाली?" काका पोटाखाली घालतात. वर्षानुवर्षं पोट पुढे येत गेलं आणि पट्टा खाली सरकत गेला, नंबर तोच राहिला. निम्म्या महाराष्ट्राची चौतीस अशीच आहे.

आता खरं माप कसं घ्यायचं ते नीट बघा, कॅमेरा मुद्दाम जवळ नेलाय. शर्ट वर. बरगडीचं शेवटचं हाड बोटानं चाचपायचं, एक खूण. मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ, दुसरी खूण. या दोन्हींच्या बरोबर मधून टेप आडवा फिरवायचा, मागच्या बाजूला घसरलेला नको, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. टेप अंगाला लागला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. श्वास घ्या, सहज सोडा, आणि सोडल्यावर वाचा. पोट आत ओढायचं नाही काका! हां, आता. 96 सेंटिमीटर.

आपल्याकडे पुरुषाला 90 आणि बाईला 80 ही मर्यादा धरतात. आकडे लक्षात राहत नसतील तर उंचीच्या निम्म्याच्या आत कमर, काकांना साडेब्याऐंशी.

कमरेतली ही चरबी नुसती कातडीखाली नसते, आत लिव्हरभोवती, आतड्यांभोवती साठते, आणि तीच शुगर, बीपी, फॅटी लिव्हर, हार्ट अशा सगळ्यांना आमंत्रण देते. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या डायबेटिस पाहणीत देशात 10 कोटींवर लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आला. त्याच पाहणीत बीएमआयनं लठ्ठ 28.6 टक्के आणि पोटानं लठ्ठ 39.5 टक्के. मधला जो अकरा टक्क्यांचा फरक आहे ना, ते लोक काट्यावरून हसत उतरणारे.

(दृश्य: गावातली गल्ली, गुलाबी साडीतल्या आशाताई, खांद्याला पिशवी)

आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा नाहीये, टेप आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा त्यांना एक फॉर्म भरायचा असतो, सीबॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी-हार्टचा त्रास, आणि कमर. बीएमआयचा रकानाच नाही! बाईची कमर 80 पर्यंत असेल तर शून्य, 81 ते 90 ला एक मार्क, त्यावर दोन. पुरुषांना 90 आणि 100 च्या खुणा. इथे मार्क जेवढे कमी तेवढं बरं.

बघा कशा घेतायत माप. दार लोटून घेतलं, वहिनींना टेपचं एक टोक दिलं, "तुम्हीच गुंडाळा, मी नुसतं वाचते." पदराखालून टेप फिरला, आशाताईंनी वाकून मागची बाजू सरळ केली, "श्वास सोडा, हसू नका, हसलं की माप हलतं." 88. एक मार्क. बाकीचे धरून पाच झाले. चारच्या वर गेलं की उपकेंद्रात बोलावतात, तिथे बीपी आणि शुगर बघतात. वहिनींना चिठ्ठी मिळाली.

घरच्या पुरुषाचा फॉर्म मात्र कोराच. तो सकाळी सातला एमआयडीसीला गेलाय, आणि गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घरी हेच. आशाताईंनी वहीत नावापुढे रविवार लिहिलं आणि वहिनींना बजावलं, "सांगून ठेवा त्यांना, पट्टा सोडावा लागेल म्हणावं."