घोड्याने म्हटलेला श्लोक

श्रोतेहो, नमस्कार.

बुद्धिबळात कोण कसं चालतं हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, हे घरोघरी पाठ असतं. आज डाव मांडायचाच नाही. पट रिकामा ठेवायचा, त्यावर एकच मोहरा ठेवायचा आणि त्याच्या चालीने कोणती आकृती उमटते ती पाहायची.

मधोमध हत्ती ठेवला की अधिकचं चिन्ह दिसतं, उंट ठेवला की गुणाकाराचं. वजीर म्हणजे या दोघांची बेरीज. वजिराचं जरा जास्तच कौतुक होतं, हे आपलं माझं मत. वजीर गेला की पोरं डाव सोडून उठतात, आणि मोठी माणसंही त्यांना अडवत नाहीत. असो. हत्ती मात्र मला आवडतो. रिकाम्या पटावर त्याला कोपऱ्यात ठेवा नाहीतर मध्यात, त्याला १४ घरं मिळतात म्हणजे मिळतात. उंटाला मध्यात १३ मिळतात, कडेला गेला की ७.

आता घोडा. मधल्या घरातून तो आठ घरांत उडी मारू शकतो. त्या आठ घरांचे मध्य ओळीने जोडले तर अष्टकोन होतो. कंपासचं टोक घोड्याच्या घरात रोवून वर्तुळ काढलंत, तर ते आठही मध्य एकाच वर्तुळावर येतात. पुन्हा सांगतो, आठही, एकाच वर्तुळावर. इतक्या चौकोनी पटावर गोल काढणारा घोडा एकटाच.

हाच घोडा प्रत्येक घरात एकदाच, फक्त एकदाच पाय ठेवून सगळा पट फिरू शकतो का? या कोड्यावर ऑयलर या गणितज्ञाने १७५९ मध्ये मोठा लेख लिहिला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं. नवव्या शतकात काश्मीरमध्ये रुद्रट नावाचे पंडित होऊन गेले. ‘काव्यालंकार’ हा त्यांचा ग्रंथ. त्यात एक श्लोक आहे, तो नुसता ऐका.

सेना लीलीलीना नाली, लीनाना नानालीलीली, नालीनालीले नालीना, लीलीली नानानानाली.

हसलात ना? अर्थ ओढूनताणून लावावा लागतो, हे खरंच. पण पेन्सिल हाताशी असेल तर अर्धा पट काढा. चार ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरं, एकूण ३२. श्लोकाची अक्षरंही ३२. एकेका घरात एकेक अक्षर लिहा. पहिली ओळ होईल: से, ना, ली, ली, ली, ना, ना, ली. झालं लिहून?

आता घोडा पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात ठेवा. अक्षर से. तिथून दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर, ना. मग पहिल्या ओळीतलं पाचवं, ली. दुसऱ्या ओळीतलं सातवं, ली. तिथून खाली, चौथ्या ओळीतलं आठवं, ली. तिसऱ्या ओळीतलं सहावं, ना. चौथ्या ओळीतलं चौथं, ना. तिसऱ्या ओळीतलं दुसरं, ली.

काय वाचलंत? से ना ली ली ली ना ना ली. म्हणजे श्लोकाची पहिलीच ओळ! सरळ वाचा नाहीतर घोड्याच्या उड्यांनी वाचा, अक्षरं तीच. आणि हे एका ओळीपुरतं नाही. घोडा बत्तीसच्या बत्तीस घरं फिरतो आणि अख्खा श्लोक जसाच्या तसा म्हणतो.

हे जमलं कसं? श्लोकात अक्षरं चारच आहेत: से, ना, ली आणि ले. त्यातलं ‘से’ एकदाच येतं, ‘ले’ही एकदाच. ‘से’ पहिल्या घरात आहे. सरळ मोजा नाहीतर घोड्याने मोजा, ते पहिलंच. ‘ले’ आहे एकविसाव्या घरात, आणि घोडाही तिथे एकविसाव्याच पावलाला पोचतो. दोन्ही मोजण्यांत क्रमांक न बदलणारी घरं या अर्ध्या पटावर दोनच आहेत, आणि वेगळी अक्षरं बरोबर तिथेच बसवली आहेत. बाकी तीस घरं ‘ना’ आणि ‘ली’ने भरली, कारण तिथे एकच अक्षर दोन वेगळ्या क्रमांकांवर बसायला हवं.

काव्यशास्त्रकार मम्मटांनी असल्या चित्रकाव्याला, म्हणजे अक्षरांच्या कसरतीच्या कवितेला, सर्वांत खालच्या पायरीवर बसवलं. बसवोत. यमकाला यमक जुळवून कविता झाली म्हणणाऱ्यांपेक्षा मला हा ‘नानालीलीली’ कधीही चालेल.

पूर्ण पट घेतलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. घोड्याच्या प्रत्येक उडीला घराचा रंग बदलतो. पांढरं, काळं, पांढरं, काळं. निघाल्या रंगावर परत यायला उड्या सम लागतात. म्हणूनच पाच गुणिले पाचच्या पटावर, म्हणजे २५ घरांच्या, घोडा सगळी घरं फिरून पुन्हा निघाल्या घरी येऊच शकत नाही; तिथे उड्या २५, म्हणजे विषम. चौसष्ट घरांवर येऊ शकतो, आणि अशा बंद फेऱ्या १३ लाख कोटींहून जास्त आहेत. स्वतः करून पाहणार असाल तर वार्न्सडॉर्फ यांनी १८२३ मध्ये दिलेली युक्ती वापरा: जिथून पुढे जायला सर्वांत कमी वाटा उरल्यात, त्या घरात आधी जा. कोपऱ्यातून दोनच वाटा असतात, आणि नवशिके अडकतात ते नेमके तिथेच.

नाहीतर रुद्रटांचीच वाट धरा. त्यांचा घोडा थांबतो चौथ्या ओळीच्या तिसऱ्या घरात. श्लोक पटाच्या खालच्या अर्ध्यात पुन्हा लिहून काढलात, तर त्याचा ‘से’ येतो पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात. एक ओळ खाली, दोन घरं डावीकडे. घोड्याचीच उडी! श्लोक दोनदा म्हणा, चौसष्ट घरं पुरी होतात.