रोज एक मिलिमीटर

नमस्कार. बसल्या जागी एक करा. उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराच्या मागे, आतल्या अंगाला न्या. टोकदार हाड आणि त्याच्या शेजारचा उंचवटा यांच्या मध्ये एक खाच लागेल. त्या खाचेत सुतळीसारखं काहीतरी बोटाखालून सरकतं. सापडलं? जरा जास्त दाबलंत तर करंगळीत झिणझिण्या येतील. दाराच्या चौकटीला कोपर लागलं की जीव कळवळतो आणि हात करंगळीपर्यंत झणझणतो, तो हिच्यामुळे. ही अल्नर नस. कुष्ठरोगाच्या तपासणीत कार्यकर्ते कोपर चाचपतात तेव्हा ते हीच नस जाड झाली आहे का ते बघत असतात.

'नस' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. सलाईन लावायला सापडत नाही ती नस, आणि कंबरेत दबते तीही नस. आज मी नस म्हणेन ती मज्जातंतूंची, रक्ताची नव्हे.

तुम्ही बोटाखाली जी सुतळी फिरवलीत तिच्यात हजारो तंतू आहेत आणि त्यातला प्रत्येक तंतू हा एकेका पेशीचा लांबलेला हात आहे. स्नायू हलवणाऱ्या तंतूंच्या पेशी मानेतल्या मज्जारज्जूत बसलेल्या असतात. पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू घ्या, साधारण एक मीटर लांब. त्याची पेशी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. ही पेशी फुगवून लिंबाएवढी केली, तर त्या लिंबाला एक किलोमीटर लांब दोरा बांधलेला असेल. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लागणारी जवळजवळ सगळी रसद या लिंबातून जायची. काही माल जलद जातो, दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत. पण तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो ती अगदी बैलगाडीच्या चालीनं सरकतात, दिवसाला एक ते काही मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आता हा दोरा मध्येच कापला तर? 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बेडकाच्या जिभेवरचे प्रयोग मांडले. जिभेकडे जाणाऱ्या नसा त्यांनी कापल्या आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिले. पेशीपासून तुटलेला, पलीकडचा भाग काही दिवसांत गुठळ्या-गुठळ्या होऊन विरून गेला. अलीकडचा, पेशीला जोडलेला भाग टिकला. आजही आम्ही याला वॉलरचा ऱ्हास म्हणतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती माझ्याकडे वारंवार येते. नस तुटल्यावर पलीकडचा तुकडा लगेच मरत नाही. माणसात तो काही दिवस विजेचे संदेश वाहू शकतो. त्यामुळे अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी एनसीव्ही, म्हणजे नसेतून वीज किती वेगानं जाते ती तपासणी, करून जखमेच्या खालची नस तपासली, तर रिपोर्ट चांगला येऊ शकतो आणि घरचे पेढे वाटतात. तुटलेल्या तारेचा सुटा तुकडा तपासला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ही तपासणी साधारण तीन आठवड्यांनी करतात.

मग पुढे काय होतं? हातापायाच्या नसांना एक मोठं वरदान आहे, त्यांचा शेजार. तंतूंभोवती गुंडाळलेल्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे. मराठीतून शिकवताना 'श्वान पेशी' म्हटलं की मागच्या बाकावरून भुंकल्याचा आवाज येतो, हा माझा नेहमीचा अनुभव. पण नाव इतकं वाईट नाही, कारण या पेशी राखणीच करतात. तंतू मेला की त्या स्वतःचं रूप बदलतात, मेलेल्याचा कचरा उचलतात, बाहेरून सफाई कामगार बोलावतात आणि रांगेनं उभ्या राहून रिकाम्या बोळाची वाट मोकळी ठेवतात. अलीकडच्या टोकातून फुटलेला नवा कोंब त्या वाटेनं चालू लागतो. वेग? माणसात साधारण दिवसाला एक मिलिमीटर. सांगाड्याची बैलगाडी ज्या चालीनं चालते, जवळपास तीच चाल.

हे चालणं आतून कसं वाटतं, ते जाणून घ्यायचा हट्ट एका माणसानं धरला. हेन्री हेड, लंडनमधले मज्जाविकारतज्ज्ञ. रुग्ण काय वाटतं ते नीट सांगत नाहीत म्हणून ते वैतागले होते. एप्रिल 1903 मध्ये त्यांनी स्वतःच्या डाव्या हातातल्या, त्वचेकडे जाणाऱ्या दोन नसा शल्यचिकित्सकाकडून कापून घेतल्या आणि लगेच टाके घालून जोडून घेतल्या. मग चार वर्षं, सवड मिळेल तेव्हा केंब्रिजला जायचं, डोळे मिटून बसायचं आणि मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी टाचणी, कापूस, गरम-थंड नळ्या लावून नोंदी करायच्या. खोलवरचा दाब पहिल्यापासून कळत होता. त्वचेला आधी परत आली ती भडक, बोथट वेदना. टाचणी कुठे टोचली ते सांगता येईना, पण हात झटकावासा वाटे. कापसाचा हलका स्पर्श ओळखणं फार उशिरा आलं. 1908 मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. त्यावरून हेड यांनी मांडलेला संवेदनांचा सिद्धांत पुढे टिकला नाही, नोंदी मात्र आजही वाचाव्यात अशा आहेत. स्वतःच्या हातावर हा प्रयोग करायला आजची कुठलीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि नसा तुटलेल्या सैनिकांनी रुग्णालयं भरली. 1915 मध्ये फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांना एक साधी खूण दिसली. नसेच्या वाटेवर बोटानं टिचकी मारत गेलं की एका ठिकाणी रुग्णाला पुढे बोटांकडे मुंग्या धावल्यासारखं वाटतं. नवा कोंब तिथवर पोचलेला असतो. त्याच वर्षी, समोरच्या खंदकाच्या बाजूला, जर्मनीत पाउल होफमान यांनीही हेच लिहिलं. एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन देशांत दोन डॉक्टर एकच टिचकी मारत होते. एमआरआयच्या जमान्यातही मी ही टिचकी मारतो. फुकट आहे.

आता एक मिलिमीटरचा हिशोब मांडू. मनगटाजवळ काच लागून नस कापली, तर बोटांपर्यंत दहा-बारा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार महिने. सोसण्यासारखं आहे. पण आमच्याकडे जास्त येतात ते मोटारसायकलवरून खांद्यावर पडलेले तरुण. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे ओढला जातो आणि हाताच्या सगळ्या नसा जिथून निघतात तो मानेतला जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, ताणून फाटतो. तिथून पंजापर्यंत सुमारे 75 सेंटिमीटर. म्हणजे 750 दिवस, दोन वर्षांहून अधिक. कोंब चालतही राहील, पण स्नायू इतका वेळ वाट बघत नाही. वर्ष-दीड वर्ष संदेश आला नाही की त्याचं मांस आटतं आणि नसेचं टोक स्वीकारायची त्याची कुवत संपत जाते. पाहुणा पोचतो आणि दाराला कुलूप असतं.

म्हणून माझा जीव सगळ्यात जास्त जळतो तो 'होईल हळूहळू' म्हणत घालवलेल्या महिन्यांसाठी. मालिश, लेप, आणि ताकदीची इंजेक्शनं. बी-ट्वेल्व्हची कमतरता असेल तर ते जीवनसत्त्व द्यायलाच हवं, तिच्यानं नसा खरोखर खराब होतात. पण फाटलेली नस त्यानं सांधत नाही. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती सहा महिन्यांच्या आत झालेली बरी.

वेग वाढवता येत नाही, मग शल्यचिकित्सकांनी काय केलं? अंतर कमी केलं. 1994 मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबर्लाँ आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती छापली. ज्यांचा खांदा आणि कोपर गेलं आहे पण पंजा शाबूत आहे, अशांच्या दंडात अल्नर नस, तीच मघाची सुतळी, चांगली चालू असते. तिच्यातले थोडे तंतू सोडवून घ्यायचे आणि शेजारच्या, दंडाच्या स्नायूकडे जाणाऱ्या मेलेल्या नसेला जोडायचे. अल्नरला ही उसनवारी सहसा जाणवतही नाही. कोंबाला चालायचे असतात काही सेंटिमीटर फक्त.

याचा एक गमतीचा परिणाम होतो. एक विशीतला मुलगा शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी आला. म्हणाला, "डॉक्टर, मी मूठ आवळली की कोपर वाकतंय." बरोबरच होतं. मेंदूच्या लेखी ते तंतू अजून मुठीचेच होते. त्याला महिनोन्‌महिने आरशासमोर मूठ आवळून कोपर वाकवायला लावलं, आणि एके दिवशी मूठ उघडी ठेवून त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. बरगड्यांमधल्या नसा वापरल्या असतील तर सुरुवातीला खोल श्वास घेतला किंवा खोकला आला की हात वर येतो. नस जोडणं हे सर्जनचं काम. ती कशाची आहे हे मेंदूला पटवणं फिजिओथेरपिस्टचं आणि रुग्णाचं, आणि त्याला जास्त दिवस लागतात.

इथपर्यंत हातापायाच्या नसा झाल्या. मेंदू आणि मज्जारज्जूत हे काहीच का होत नाही? सान्तियागो रामोन इ काहाल हे मज्जाशास्त्राचे पितामह. त्यांनी 1913-14 मध्ये दोन खंडांत लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूच्या केंद्रांत सगळं मरू शकतं, पुन्हा उगवत काही नाही. हा कठोर निकाल बदलायचं काम त्यांनी भविष्यातल्या विज्ञानावर सोपवलं. गंमत अशी, की त्यांच्याच शिष्यानं, फ्रान्सिस्को तेल्यो यांनी, 1911 मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा खोचून पाहिला होता, आणि मेंदूतले तंतू त्यात शिरताना दिसले होते. त्या धाग्याकडे पुढे दशकानुदशकं फारसं कुणी वळलं नाही. 1981 मध्ये मॉन्ट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरात पायाच्या नसेचा पूल मेंदूच्या बुंध्यापासून मज्जारज्जूपर्यंत टाकला. त्या पुलावरून मज्जारज्जूचे तंतू तीन-तीन सेंटिमीटर चालत गेले. पूल संपून पुन्हा मज्जारज्जूत शिरले की दोन-एक मिलिमीटरवर थबकले. तंतूत चालायची ताकद होती, शेजारच वैरी होता. झुरिकचे मार्टिन श्वाब यांनी मायेलिनमध्ये, म्हणजे तंतूंभोवतीच्या चरबीच्या वेष्टनात, वाढ रोखणारं प्रथिन असल्याचं दाखवलं. 2000 साली ते नेमकं हाती लागलं आणि त्याला नाव मिळालं 'नोगो'. पुढे आणखी अडसर सापडले, व्रणात साचणारे साखरेचे रेणू, खुद्द पेशीतले ब्रेक. उंदरांत यातलं बरंच काही जमतं. माणसाचा मज्जारज्जू अजून जोडता आलेला नाही. आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'स्टेम सेलनं पाठीचा कणा पूर्ववत' अशी जाहिरात दिसली तर एवढं लक्षात ठेवा, की भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीत देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले, की उठून या.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट, एका उंदराची. वॉलरपासून सगळे धरून चालले होते की तुटलेला तंतू उपाशी मरतो. रसद बंद, मग दुसरं काय होणार? 1989 मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत उंदरांची एक जात आढळली, जिच्यात कापलेले तंतू दोन दिवसांत मरायचे सोडून दोन-तीन आठवडे जगत होते. रसद तर त्यांचीही बंदच होती! मग बाकीचे उपासमारीनं मरत नसावेत. त्यांना कुणीतरी मारत असावं.

मारेकरी सापडायला 2012 साल उजाडलं. त्याचं नाव सार्म-वन. हे प्रथिन प्रत्येक तंतूत आधीपासून बसलेलं असतं, पहारेकऱ्यासारखं. पेशीकडून एक दुसरं प्रथिन, एनमनॅट-टू, सतत येत राहतं. ते काही तासांतच नाश पावतं, म्हणून ताजा पुरवठा लागतो. तंतू कापला की तो पुरवठा थांबतो, तंतूतली रसायनं बदलतात आणि पहारेकरी जागा होतो. जागा झाला की एनएडी हा ऊर्जेच्या व्यवहाराला लागणारा रेणू तो स्वतःच कापून फस्त करतो. तो हे कात्रीचं काम स्वतः करतो, हे 2017 मध्ये सेंट लुईसच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. ज्या उंदरात सार्म-वन नाही, त्याचे कापलेले तंतू टिकून राहतात.

तुम्ही म्हणाल, पेशीपासून तुटलेला तंतू जगवून करायचं काय? अपघातात बहुधा काहीच नाही, उलट वाट साफ व्हायला उशीरच होईल. पण तंतू न तुटताही याच मार्गानं मरतो. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते अत्यंत मोलाचं आहे. पेशी दुभंगताना लागणाऱ्या सूक्ष्म नलिका ते मोडतं. पण तंतूतली रसद ज्या रुळांवरून धावते ते रूळही याच नलिकांचे. रसद अडते, पहारेकरी जागा होतो, आणि सगळ्यात लांबचे तंतू आधी जातात. म्हणून मुंग्या पायाच्या बोटांतून सुरू होतात, मग पाऊल लोंबकळतं. सार्म-वन नसलेल्या उंदरांना व्हिन्क्रिस्टिन दिलं तरी त्यांच्या नसा शाबूत राहतात. या पहारेकऱ्याला झोपवून ठेवणारी काही औषधं माणसांतल्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत.

नसा वाचवण्याचं पहिलं खरं औषध मिळालं तर ते इथेच मिळेल, असं मला वाटतं. पक्षाघातात, अपघातात आम्ही नेहमी उशिरा पोचतो, घाव आधी पडलेला असतो. प्राण्यांत यशस्वी ठरलेली कितीतरी औषधं पक्षाघाताच्या रुग्णांत याच उशिरानं फसली असावीत. केमोथेरपीचं तसं नाही. पहिली सलाईन कुठल्या मंगळवारी लागणार हे मुलाच्या आईला आठवडाभर आधी सांगितलेलं असतं. सोमवारी द्यायची गोळी तेवढी अजून तयार व्हायची आहे.