एका वेळी किती माइक?

(बेडरूम. कपाटाच्या दारावर रजई टांगलीये. सतरंजीवर पेटी, तबला-डग्गा आणि वायरींचा गुंता.)

डोंबिवलीतला हा फ्लॅट, रविवारची दुपार, पंखा बंद, खिडक्या बंद. आत्या अभंग गायला बसलीये, पेटी तिची तीच वाजवते, तबल्याला शेजारचे काका. गेल्या वर्षी ह्याच खोलीत पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं तेव्हा माझ्याकडे दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस होता (माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारा डबा), मग एक माइक आत्यापुढे ठेवला आणि दुसरा पेटी, तबला, डग्गा सगळ्यांच्या मधे. वाजत होतं तेव्हा छान वाटलं, पण नंतर ऐकायला बसलो तर डग्गा घुमला की पेटी त्याखाली गायब. आत्या म्हणाली, "डग्गा जरा कमी कर ना रे." करणार कसा, तिन्ही वाद्यं एकाच ट्रॅकवर, डग्गा खाली आणला की पेटीपण खाली जाते.

तेव्हापासून कोणी विचारलं की कुठला इंटरफेस घेऊ, तर मी आधी विचारतो, एका वेळी किती माइक लावणार? एकट्याने गायचंय, पॉडकास्ट करायचाय, तर दोन भरपूर झाले. पण अशी बैठक असेल तर गळ्याला एक, पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, झाले चार.

(क्लोजअप: इंटरफेसची मागची बाजू, जॅकवरून बोट फिरतंय.)

आणि नावातल्या आकड्यावर जाऊ नका. फोकसराइटचा स्कारलेट २आय२ म्हणजे दोन इनपुट, दोन आउटपुट, त्यामुळे ४आय४ ला चार माइक लागतील असं कोणालाही वाटेल, पण त्यात माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग, दोनच आहेत, बाकीचे दोन इनपुट लाइनचे, कीबोर्ड वगैरे जोडायला. १८आय२० मध्येसुद्धा माइक प्रीअँप आठ, उरलेले दहा इनपुट डिजिटल. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये "माइक प्रीअँप" हा शब्द शोधा आणि त्यापुढचा आकडा बघा. बेहरिंगरच्या यूएमसी ४०४ एचडीला खरोखरचे चार आहेत.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते, डीबीत (डेसिबलमध्ये) मोजतात. पॉडकास्टवाले वापरतात तो शूरचा एसएम ७ बी, त्याला साधारण ६० डीबी गेन लागतो. स्कारलेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ५६ मिळायचा, चौथीत ६९ मिळतो, म्हणजे डब्यावर नाव तेच असलं तरी सेकंडहँड घेताना पिढी विचारा. तबल्याचं मात्र बरोब्बर उलटं, काकांनी चाटीवर जोरात बोट मारलं की गेनच्या नॉबभोवतीची रिंग लाल होते, आणि तसा फाटलेला आवाज नंतर कशानेच नीट होत नाही. काकांना आधी सगळ्यात जोरकस तिहाई वाजवायला सांगायची, गेन तेव्हा लावायचा.

(हेडफोन लावून आत्या. ती थांबते, मान हलवते.)

आत्या थांबली कारण तिला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतोय. कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्याने घेतो, त्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, बफर १०२४ सॅम्पल ठेवला की नुसतं आत जातानाच २१ मिलिसेकंद जातात, परत येताना आणखी, आणि ठेक्यावर गाणाऱ्याला ते लगेच टोचतं. बफर १२८ वर आणला तर तेच तीनच्याही आत येतं. त्याहून सोपं म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग, आवाज कॉम्प्युटरकडे न जाता थेट हेडफोनला. इंटरफेसवर ही सोय आहे का ते घेतानाच बघा, आणि विंडोजवर असाल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, मिळतो का तेपण.

(चार माइक, चार रंगांच्या वायरी. स्क्रीनवर चार ट्रॅक धावतायत.)

आज चार वेगळे ट्रॅक आहेत. आत्याचा कंडेन्सर माइक, त्याला वीज लागते म्हणून इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू, तबला-डग्ग्याला दोन डायनॅमिक, अगदी जवळ. पेटीचा माइक भात्यापासून लांब सरकवलाय, नाहीतर हवेची फुसफुस येते. अभंग संपतो, कोणी हलत नाही, डग्ग्याची घुमक पूर्ण विरू देतो, मग स्टॉप.

ऐकताना आत्या परत म्हणते, "डग्गा जरा कमी." मी चौथा फेडर खाली घेतो. पेटी जिथल्या तिथे.