पिंग

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत हल्ली 'निरोप पाठव' म्हणायचं असेल तर 'पिंग कर' म्हणतात. इंग्रजीत पिंग म्हणजे धातूवर काही हलकंच आपटलं की उठणारा बारीक, टोकदार आवाज. तो आपल्या फोनमध्ये आला कुठून? समुद्रातून.

पाणबुडीचा माग काढणारं सोनार नावाचं यंत्र पाण्यात एक 'पिंग' सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर समोरची वस्तू दीड किलोमीटरवर आहे असं समजायचं. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतले माइक म्यूस नेटवर्कच्या बिघाडाने हैराण झाले होते. त्यांनी एका रात्रीत छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या संगणकाला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याला पिंग नाव दिलं. पुढे लोकांनी त्या चार अक्षरांचा ओढूनताणून लांबलचक विस्तार शोधून काढला, पण म्यूस यांना तो मान्य नव्हता. ऑनलाइन गेम खेळणारी मुलं 'पिंग वाढलाय' म्हणून कुरकुरतात, तो हाच वेळ, मिलिसेकंदांत मोजलेला.

गोल्फवाल्यांकडे याच नावाची कंपनी आहे. तिच्या पहिल्या पटरचा, म्हणजे चेंडू हळूच भोकाकडे ढकलायच्या काठीचा, चेंडूवर होणारा आवाज तसा होता, म्हणून हे नाव.

मला मात्र खरी गंमत वाटते ती पिंगपाँगची. हे टेबल टेनिसचं जुनं नाव, बॅट आणि टेबलावर आपटणाऱ्या चेंडूच्या आवाजावरून पडलेलं. 1952 साली या खेळाची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियातली पहिलीच. जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरले. तोवर बहुतेकांच्या बॅटला दाणेदार रबर असे आणि चेंडू लागला की टक्क वाजे. किती जोरात मारलाय, फिरकी कशी असेल, याचा अंदाज समोरचा खेळाडू नजरेइतकाच कानानेही घेई. सातोंच्या बॅटमधून आवाजच येईना! चेंडू स्पंजात रुते आणि अनपेक्षित वेगाने सुटे. भलेभले गोंधळले आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद सातोंनी जपानला नेलं. स्पंजवरून मग बरीच वर्षं वाद झाले. शेवटी 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने रबर आणि स्पंज मिळून किती जाडी चालेल, ते ठरवून दिलं.