प्यायला चालतं ते पाणी डायलिसिसला का चालत नाही

मंडळी, पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, सकाळपर्यंत गाळ खाली आणि वर नितळ पाणी. ती तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार, आणि पाणी साफ करायच्या प्लांटमध्येही बरेचदा तिचाच भाऊबंद वापरतात. पिण्यापुरतं त्यात काही वावगं नाही, कारण पोटातून रक्तात जातं ते एक टक्क्याहूनही कमी, आणि जे जातं ते किडनी लघवीतून काढून टाकते. पण ज्याची किडनीच बंद आहे त्याचं काय?

डायलिसिसच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण अर्धा लिटर पाणी फिरतं, म्हणजे चार तासांत 120 लिटर, आठवड्यातून तीनदा. हे पाणी आणि पेशंटचं रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यातलं ॲल्युमिनियम पडद्यातून रक्तात शिरतं, तिथे प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि मग परत येतच नाही, कारण प्रोटीन त्या भोकातून मावत नाही. रक्त साफ करायला बसलेल्या माणसाच्या अंगात दर फेरीला थोडं थोडं विष साठत जातं, मला हे आजही फार वाईट वाटतं.

1970 च्या आसपास अमेरिकेत डेनवरला डॉ. आल्फ्रे आणि त्यांच्या टीमला असे पेशंट दिसायला लागले. आधी बोलणं अडखळायचं, शब्द माहितीये पण तोंडातून निघत नाही, आणि गंमत नाही हं, हे डायलिसिस झाल्या झाल्या जास्त व्हायचं आणि सुरुवातीला तरी नंतर जरा सुधारायचं. मग हातपाय झटकायला लागायचे, विसर पडायचा, फिट्स यायच्या, आणि बरेच जण काही महिन्यांत गेले. 1976 मध्ये त्यांनी आकडे छापले: अशा पेशंटच्या मेंदूच्या करड्या भागात सुक्या वजनाच्या किलोमागे 25 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम, डायलिसिसच्या बाकी पेशंटमध्ये साडेसहा, किडनी चांगली असलेल्यांत दोनच्या जरा वर. तिकडे इंग्लंडात न्यूकॅसलला हाडं ठिसूळ होऊन मोडत होती, तिथेही माग पाण्यापर्यंतच गेला.

तुम्ही म्हणाल जुनी गोष्ट आहे, तर 1996 ऐका. कॅरिबियनमधलं कुरासाव बेट, तिथे समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. डायलिसिस सेंटरकडे नवीन पाइप टाकला, आतून सिमेंटचं अस्तर. गोडं केलेलं पाणी इतकं मऊ, म्हणजे क्षार इतके कमी, की त्याने अस्तरातलं ॲल्युमिनियम ओढून घेतलं, आणि दहा पेशंट दगावले. नळाच्या पाण्याला ना रंग बदलला ना वास आला.

म्हणून डायलिसिस युनिटमध्ये आरओ रूम असते, पाणी आधी तिथे गाळून शुद्ध करतात. डायलिसिसच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या वर ॲल्युमिनियम चालत नाही. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नाइलाज असेल तर 200 पर्यंत सूट आहे, म्हणजे वीसपट! तेव्हा युनिटमध्ये विचारा, पाण्याचा केमिकल रिपोर्ट शेवटचा कधी आला, त्यात ॲल्युमिनियमची ओळ दाखवा, आणि विचारताना संकोच करू नका.

दुसरी वाट पोटातून आहे. ॲसिडिटीच्या बऱ्याच जेलमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, एकेकाळी किडनीच्या पेशंटच्या रक्तातला फॉस्फरस कमी करायला डॉक्टरच ते रोज द्यायचे. त्यात वरून लिंबू-सोड्यासारखं सायट्रेटवालं काही घेतलं तर ॲल्युमिनियम रक्तात कितीतरी जास्त उतरतं. जळजळतंय म्हणून मेडिकलमधून स्वतःच बाटली आणू नका, आधी आम्हाला, म्हणजे डायलिसिस युनिटमध्ये, दाखवा.

साठलेलं काढायला डेस्फेरिऑक्सामिन नावाचं औषध आहे, पण ते जपून द्यावं लागतं, त्याने डायलिसिसच्या पेशंटला म्युकर झाल्याच्या केसेस आहेत, म्हणजे तीच कोविडमधली काळी बुरशी. म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं, आणि ते आमच्याआधी घरच्यांना कळतं. डायलिसिसहून परत आल्यावर बाबा नेहमीच्या माणसाचं नाव घेताना अडखळले, हातातला कप झटक्याने सांडला, तर वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. कारणं दुसरीही असू शकतात, ती आम्ही बघू, तुम्ही त्याच दिवशी युनिटला फोन करा.