डुकराच्या जिभेखाली

नमस्कार मंडळी. आज समोर वराहपालन करणारे शेतकरी बसलेत आणि पशुवैद्यकीचे विद्यार्थीही. सुरक्षित पोर्क म्हटलं की आपण थेट स्वयंपाकघरात शिरतो. मांस नीट शिजवा, म्हणतो. ते बरोबरच आहे. खिमा असेल तर आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस, अखंड तुकडा असेल तर ६३ अंश आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं थांबणं, एवढं पाळा. पण मला बोलायचंय ते चुलीच्या बरंच आधी घडणाऱ्या गोष्टीबद्दल.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. वारंवार फिट येत होत्या, तपासणीत मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या लांब जंताच्या, गाठी निघाल्या. ही माणसं धर्मामुळे पोर्कला शिवतही नाहीत! शोध घेतला तेव्हा बोट गेलं ते घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांच्या पोटातल्या कृमीकडे.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. हा पट्टकृमी, शास्त्रीय नाव टीनिया सोलियम, माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात. उघड्यावरची घाण मोकाट डुकराने खाल्ली की अंड्यातली पिल्लं त्याच्या स्नायूंत जाऊन गाठी करतात. ते मांस अर्धंकच्चं खाल्लं तर माणसाच्या पोटात कृमी वाढतो. आणि अंडीच माणसाच्या तोंडात गेली, न धुतलेल्या हातातून, दूषित पाण्यातून किंवा भाजीतून, तर गाठी माणसाच्या मेंदूत होतात. म्हणजे फिट येणारा माणूस शुद्ध शाकाहारी असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिथे हा कृमी रुजलेला आहे अशा अनेक भागांत अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येणाऱ्या, सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं. ३० टक्के! आणि हा आजार टाळता येतो.

पेरूमध्ये, आफ्रिकेत डुक्कर विकत घेताना जीभ बघतात. जनावर आडवं पाडायचं, जबड्यात काठी घालायची, फडक्याने जीभ ओढायची आणि खालच्या बाजूला बोट फिरवायचं. मटाराएवढी गाठ हाताला लागली की भाव पडतो. पण थोड्याच गाठी असतील तर जीभ साफ लागते. शिवाय गाठी सापडलेलं डुक्कर नाहीसं होत नाही. ते अधिकृत कत्तलखाना चुकवून चोरवाटेने विकलं जातं. नुसत्या तपासणीवर भिस्त ठेवली की गरीब पाळणारा लपवायला शिकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून खरं काम डुकरातच करायला हवं. मेलबर्न विद्यापीठाच्या मार्शल लाइटोलर्स यांच्या गटाने टीसोल१८ ही लस घडवली. कॅमेरूनमधल्या चाचणीत ही लस आणि ऑक्सफेंडाझोल हे औषध मिळालेल्या एकाही डुकरात जिवंत गाठ राहिली नाही. लस नवा शिरकाव रोखते, औषध आधीच्या गाठी मारतं, म्हणून दोन्ही लागतात. मेलेल्या गाठींच्या खुणा मात्र मांसात काही आठवडे दिसतात आणि औषधाचा अंशही उतरावा लागतो. तेव्हा औषध दिल्यावर कापायची घाई नको, दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पेरूच्या तुंबेस भागात माणसांना कृमीचं औषध आणि डुकरांना औषध व लस अशी एकत्र मोहीम झाली. १०७ गावांपैकी १०५ गावांत प्रसार थांबला, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. माणसाला वगळून हे जमलं नसतं, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं.

ही लस आपल्याकडे हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने बनवली आहे. अडचण वेगळीच आहे. ही लस टोचल्याने डुक्कर जास्त भरत नाही, बाजारात दोन रुपये जास्त मिळत नाहीत. फायदा होतो तो शेजारच्या पोराच्या मेंदूचा. मग खर्च पाळणाऱ्याने एकट्याने का सोसायचा? जनावरांच्या लाळ-खुरकत रोगाविरुद्धच्या, २०१९ पासूनच्या राष्ट्रीय मोफत लसीकरणात डुकरंही धरली आहेत. त्याच फेरीत, जिथे डुकरं मोकाट फिरतात त्या वस्त्यांपासून सुरुवात करून, ही लसही टोचावी आणि त्याच दिवशी आरोग्यसेवकांनी त्या घरातल्या माणसांनाही तपासावं, अशी माझी मागणी आहे.